समुद्राला किती खिडक्या

भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर पोर्तोपेत्रो नावाचं लहानसं बंदर आहे. तिथून थोडं पुढे गेलं की जमीन एकदम संपते आणि खाली, साधारण वीस मीटरवर, समुद्र लागतो. या कड्याच्या काठावर एक घर आहे. रस्त्यावरून पाहणाऱ्याला समुद्राचा पत्ताही लागत नाही. दिसते ती पिवळसर दगडाची बसकी भिंत, झाडी आणि एक दार. आत पाऊल टाकलं की देवडीसारख्या छोट्या जागेत समोरच्या भिंतीत चंद्रकोरीच्या आकाराचा झरोका कापलेला आहे. समुद्राचं पहिलं दर्शन होतं ते तिथून, आणि तेवढंच.

हे घर यॉर्न उट्झॉनचं. सिडनीच्या ऑपेरा हाउसची स्पर्धा १९५७ मध्ये जिंकणारा डॅनिश वास्तुविशारद तो हाच. सरकारशी वाद विकोपाला गेल्यावर १९६६ मध्ये त्यानं काम सोडलं आणि ऑस्ट्रेलियाही सोडला. १९७३ मध्ये इमारतीचं उद्‌घाटन झालं तेव्हा तो तिथे नव्हता, आणि पुढेही ती पुरी झालेली त्यानं प्रत्यक्ष कधी पाहिली नाही. सिडनीत असताना बेव्ह्यू इथे स्वतःच्या कुटुंबासाठी घर बांधायचं त्याच्या मनात होतं. त्याचे आराखडे त्यानं पुन्हा पुन्हा काढले, पण ते घर बांधलं गेलं नाही. खोल्यांचे वेगवेगळे गट, प्रत्येकाची स्वतंत्र इमारत आणि मधे मोकळी जागा, ही त्या आराखड्यांमधली कल्पना त्यानं बरोबर आणली, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती मायोर्काच्या कड्यावर उभी राहिली. पत्नी लिस हिच्या नावावरून घराचं नाव पडलं ‘कान लिस’.

पाण्याकाठी घर बांधायचं म्हटलं की आज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: जमिनीपासून छतापर्यंत काच आणि काचेपलीकडे निळं पाणी. कान लिसमध्ये या चित्राचा मागमूस नाही, आणि तरीही समुद्र इतका जवळ वाटावा असं दुसरं घर सापडणं कठीण. माझ्या मते पाण्याकाठच्या घराचं सगळं कसब पाणी कुठे दाखवायचं आणि कुठे झाकायचं हे ठरवण्यात आहे. कलेची आणि निसर्गाची सोबत घरच्यांना रोज मिळते की फक्त पाहुण्यांना दाखवायला उरते, हेही तिथेच ठरतं.

कड्याच्या कडेनं चार छोट्या इमारती ओळीनं मांडल्या आहेत. पण ती ओळ सरळ नाही. कडा जसा वळतो तशी प्रत्येक इमारत थोडी वळते, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला समुद्राचा निराळा तुकडा येतो. एकीत स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा, पुढे दगडी खांबांचा चौक. दुसरी फक्त बैठकीची खोली. उरलेल्या दोन झोपण्यासाठी, त्यांतली एक आल्यागेल्यासाठी. एकीतून दुसरीत जायचं तर उघड्यावरून, चौक नाहीतर बोळ ओलांडून जावं लागतं. पाऊस असला तर भिजावं लागतं. भूमध्य समुद्राकाठची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी आणि उबदार असते म्हणून हे निभतं. कुटुंबाच्या दृष्टीनं या मांडणीचा मोठा फायदा असा, की रात्री उशिरापर्यंत गप्पा मारणाऱ्यांचा आवाज झोपलेल्यांपर्यंत पोचत नाही. शिवाय घरातल्या घरात हिंडताना दिवसातून कितीतरी वेळा वारा अंगाला लागतो आणि आभाळ दिसतं. निसर्गाशी गाठ घालून देण्यासाठी उट्झॉननं वेगळं काही सजवलं नाही, घरातली येण्याजाण्याची वाटच बाहेरून नेली.

आता बैठकीच्या खोलीतल्या खिडक्यांकडे येऊ. वास्तुशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी यांच्यासमोर तासभर बसावं असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक खिडकी म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेली दगडाची खोल पेटी आहे. काचेची लाकडी चौकट भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लावलेली असल्यामुळे आत बसलेल्याला चौकट दिसत नाही, काचही जाणवत नाही. दगड संपतो आणि समुद्र सुरू होतो. पेट्यांचे कोन सारखे नाहीत. एक क्षितिजाच्या एका भागाकडे पाहते, दुसरी थोडी बाजूला. खोलीच्या मधोमध अर्धचंद्राकार दगडी बैठक आहे. ती पक्की बांधलेली आहे, तिच्यावर गाद्या टाकल्या आहेत आणि तिचा रोख या खिडक्यांकडे आहे. एखादी नाव पाण्यावरून जात असेल तर ती एका खिडकीतून नाहीशी होते आणि थोड्या वेळानं पुढच्या खिडकीत उगवते. सलग काचेतून तीच नाव दिसली असती, पण तिची वाट पाहिली गेली नसती.

या खोल पेट्यांमागे डोळ्यांचा विचारही आहे. पाणी उजेड परत फेकतं, आणि किती फेकतं ते सूर्याच्या उंचीवर ठरतं. सूर्य डोक्यावर असताना पाण्यावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम २ टक्के परत येतो. सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर उतरला की शांत पाणी एक तृतीयांशाहून जास्त उजेड परावर्तित करतं. हा उजेड खालून येतो, त्यामुळे वरून येणारं ऊन अडवणारी पुढे काढलेली पागोळी किंवा छज्जा त्याच्यापुढे निरुपयोगी. खिडकीच्या उंबऱ्याची आणि बाजूंची खोली त्याला थोडा आवर घालते. उजेड आधी दगडाच्या बाजूंवर पडतो, तिथे पसरतो आणि मग खोलीत येतो. बाहेरचा झगझगाट आणि आतला अंधार यांच्या मधे एक पायरी तयार होते, त्यामुळे नजरेला धक्का बसत नाही. मुंबईत समुद्रासमोरच्या कितीतरी घरांत सबंध भिंतभर काच असते आणि दुपारी तीननंतर तिच्यावर जाड पडदे ओढलेले असतात. ज्या दृश्यासाठी एवढी किंमत मोजली ते दिवसाच्या ऐन वेळी झाकून ठेवावं लागतं, कारण काचेला जाडी नसते आणि डोळ्यांना ती पायरी मिळत नाही.

घराचा दगड तिथलाच, मारेस नावाचा चुनखडीयुक्त वालुकाश्म. बेटावर पिढ्यान्‌पिढ्या घरं, गोठे, गडगे याच्याच चिऱ्यांनी बांधले गेले. खाणीत गोल करवतीनं कापताना चिऱ्यावर कमानीसारख्या रेषा उमटतात. इतर लोक त्या घासून काढत किंवा गिलाव्याखाली झाकत. उट्झॉननं त्या तशाच उघड्या ठेवल्या. तिरकं ऊन पडलं की सबंध भिंतीवर त्या रेषा उठून दिसतात, ऊन वर चढलं की मावळतात. छताला तयार सिमेंटच्या तुळया आणि त्यांच्यामधे भाजक्या मातीच्या कमानदार फरश्या आहेत. हाही तिथल्या गवंड्यांचा रोजचाच माल. चकाकणाऱ्या रंगीत फरश्या मात्र मोजक्याच जागी, बैठकींच्या आणि मेजांच्या काठांवर वापरल्या आहेत. जिथे माणसाचा हात टेकतो तिथे गुळगुळीतपणा आणि रंग, बाकी सगळीकडे खरबरीत दगड.

या घरात कला कुठे आहे, असा प्रश्न कुणी विचारेल. भिंतींवर चित्रांची गर्दी नाही. पण बैठकीच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीत खूप उंचावर एक अरुंद चीर ठेवलेली आहे. दिवसभर तिच्याकडे लक्षही जात नाही. दुपार कलताना ठरावीक वेळी सूर्य तिच्यासमोर येतो आणि उन्हाचा एक पट्टा दगडावर तिरका उतरतो, भिंतीच्या खडबडीतपणावरून सरकत जातो आणि थोड्याच मिनिटांत नाहीसा होतो. ऋतू बदलला की त्याची जागा बदलते. घरात राहणाऱ्याला ती वेळ माहीत होते आणि हातातलं काम ठेवून तो तिथे येऊन बसतो. या खोलीत चित्र टांगायची इच्छा कुणाला का झाली नसेल, हे मला त्या चिरेमुळे कळतं. उट्झॉनचे वडील जहाजांचे आराखडे करत. वारा, लाट आणि सूर्य यांच्याशी जमवून घेणारी वस्तू कशी घडवतात हे त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं.

इतकं करूनही समुद्रानं शेवटी त्याला त्या घरातून उठवलं. पाण्यावरच्या लखलखाटाचा त्याच्या डोळ्यांना वयाबरोबर फार त्रास होऊ लागला. शिवाय घर प्रसिद्ध झाल्यामुळे ते पाहायला येणाऱ्यांची वर्दळ वाढली होती. १९९० च्या दशकाच्या मध्यात उट्झॉन पतिपत्नींनी बेटावरच, पण आत डोंगराच्या उतारावर दुसरं घर बांधलं, ‘कान फेलिस’. तिथे दगड तोच आणि बांधणीही त्याच घराण्यातली, पण समुद्र दूर, झाडांच्या आणि शेतांच्या पलीकडे ठेवलेला. पाण्याकाठी घर बांधू पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबानं हा भाग नीट लक्षात घ्यावा. चाळिशीत ज्या उजेडाची ओढ वाटते तोच सत्तरीत सोसत नाही. आजी-आजोबा असलेल्या घरात एक तरी बसायची जागा अशी हवी जिथून पाणी दिसत नाही, फक्त त्याचा आवाज येतो. उट्झॉन २००८ मध्ये गेला. कान लिस आता एका डॅनिश न्यासाकडे आहे, त्याची दुरुस्ती झाली आहे आणि कलावंतांना, वास्तुविशारदांना काही काळ तिथे राहून काम करता येतं.

पाण्याचा आवाज हाच घराचा पाया असलेलं उदाहरण अमेरिकेत आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बेअर रन ओढ्यावरचं ‘फॉलिंगवॉटर’ फ्रँक लॉइड राइटनं १९३५ मध्ये आखलं आणि १९३७ मध्ये मुख्य घर तयार झालं. पिट्सबर्गचे दुकानदार एडगर कॉफमन यांच्या कुटुंबाचं ते सुटीचं घर. धबधब्याकडे पाहणारं घर मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. राइटनं घर धबधब्याच्या माथ्यावरच ठेवलं. त्यामुळे आतून धबधबा दिसत नाही, पण सगळ्या खोल्यांत तो चोवीस तास ऐकू येतो. दिवाणखान्यातून एक जिना थेट ओढ्याच्या पाण्यापर्यंत उतरतो. ज्या खडकावर हे कुटुंब पूर्वी सहलीला येऊन बसायचं तो फोडला नाही. तो चुलीपुढच्या जमिनीतून तसाच वर आलेला आहे. भोवतालच्या दगडी फरशीला मेण लावून ती चकचकीत ठेवतात आणि खडक कोरडा ठेवतात, त्यामुळे फरशी पाण्यासारखी दिसते आणि खडक तिच्यातून वर आल्यासारखा.

कॉफमन कुटुंबाला कलेची जाण होती. राइटनं त्यांना दिलेली जपानी छापचित्रं या घरात आहेत, मेक्सिकोच्या दिएगो रिवेराची कामं आहेत. ओढ्याकाठच्या छोट्या तलावाशेजारी झाक लिपशित्झ याचं ‘आई आणि मूल’ हे ब्राँझचं शिल्प बसवलेलं होतं. १९५६ च्या पुरात ओढ्यानं ते वाहून नेलं, मग शोधून परत जागेवर आणलं गेलं. २०१७ मध्ये वादळात झाड कोसळून ते पुन्हा खाली पडलं. कलाकृती निसर्गात ठेवायची म्हणजे हा हिशेब आधीच मान्य करायचा. घराचंही तसंच. त्याचे ओढ्यावर झेपावणारे सज्जे वर्षानुवर्षं वाकत गेले, कारण आतली सळई कमी पडली होती. २००२ मध्ये पोलादी दोर ताणून त्यांना आधार द्यावा लागला. गळतीचा त्रास तर कुटुंबाला पहिल्यापासून होता. १९६३ मध्ये कॉफमन यांच्या मुलानं घर एका निसर्गसंवर्धन संस्थेला दिलं, २०१९ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आलं. त्याची थोरवी मी मानतो, पण राहायला मी कान लिसच निवडीन. पाण्यावर चढून बसण्यापेक्षा पाण्याच्या बाजूला, दोन पावलं मागे बसलेलं घर कुटुंबाला जास्त मानवतं.

चित्रांचा प्रश्न मात्र इथेच संपत नाही, कारण बहुतेकांच्या घरी चित्रं असतात आणि ती भिंतीवरच लागतात. संग्रहालयांचा साधारण दंडक असा: जलरंग, छापचित्रं, छायाचित्रं अशा कागदावरच्या कामांना ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतो. उघड्या उन्हात तो एक लाखाच्या घरात जातो. पाण्याकाठच्या काचेच्या दिवाणखान्यात टांगलेलं जलरंगचित्र काही वर्षांत फिकटतं ते या तफावतीमुळे. त्यात दमट हवेची भर. हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर आणि कापडावर बुरशी धरते. कोकणात पावसाळ्याचे चार महिने ती याहून कितीतरी वर असते. म्हणून कागदावरची कामं समुद्राकडच्या खोलीत लावूच नयेत. घराच्या मधल्या, अंधाऱ्या भागात लावावीत. भिंतीला चिकटवून न लावता मागे हवा खेळेल इतकी फट ठेवावी. समुद्राकडच्या बाजूला दगड, भाजलेली माती, ब्राँझ, चकाकीच्या फरश्या या जातीची कामं टिकतात. लोखंडाचं शिल्प तिथे ठेवायचंच असेल तर त्याचा गंज हा त्याच्या रूपाचा भाग मानायची तयारी हवी.

घराच्या लोखंडाला मात्र ही मुभा देता येत नाही. खाऱ्या वाऱ्यातले क्षार सिमेंटच्या बारीक छिद्रांतून आत शिरतात, सळईला गंज चढतो, गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा खूप जास्त जागा मागतं आणि स्लॅबचे पोपडे निघतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वीस-पंचवीस वर्षांच्या बंगल्यांच्या सज्ज्यांखाली उघड्या पडलेल्या सळया दिसतात त्या यामुळेच. जांभ्याच्या चिऱ्यात सळई नसते, म्हणून त्याच गावातली जुनी चिरेबंदी घरं शाबूत आहेत. मारेस आणि जांभा हे वेगळ्या जातीचे दगड, पण दोन्ही मऊ, दोन्ही खाणीतून चौकोनी कापून निघणारे. हल्ली चिरा यंत्रानं कापतात आणि त्याच्या अंगावरही करवतीच्या रेषा उमटतात. त्यांच्यावर गिलावा मारण्याऐवजी, जिथे पावसाची झड थेट येत नाही अशा भिंती उघड्या ठेवल्या तर तांबड्या दगडाचं ते काम घराची सगळ्यात देखणी भिंत होऊ शकतं.

आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या बांधणाऱ्यांना उजेडाचा प्रश्न चांगला ठाऊक होता. उतरत्या छपराखालची खोल पडवी, मग ओटी, मग माजघर, असा उजेड पायऱ्यापायऱ्यांनी कमी होत आत जाई. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ, अर्धपारदर्शक चकत्या लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या असत. समुद्राचा झगझगाट त्यांतून दुधासारखा मऊ होऊन आत येई. दृश्य हवं तेव्हा झडप उघडायची, एरवी फक्त उजेड घ्यायचा. आजच्या घरात याच हेतूनं लाकडी जाळीची सरकती दारं बसवता येतात, आणि ती पावसाळ्यात पश्चिमेची झडही अडवतात. जुन्या घरांना त्यासाठी माडाच्या चुडतांची झापं बांधत.

भिंतीवरच्या कलेचीही इथे स्वतःची परंपरा आहे. गोवा, सिंधुदुर्ग आणि उत्तर कन्नडच्या किनाऱ्यावरच्या देवळांत आणि काही जुन्या घरांत कावी कलेची चित्रं आहेत. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्यारानं खरवडून खालचा पांढरा बाहेर काढायचा. फुलं, वेली, पक्षी, पुराणातले प्रसंग, सगळं दोन रंगांत. चित्र भिंतीच्या अंगातच असतं, त्याला चौकट नाही, काच नाही, कागद नाही. दमट हवेत टिकलेली ही रीत आहे आणि ती जाणणारे हात आता फार थोडे उरले आहेत. समुद्राकाठी नवं घर बांधणाऱ्या कुणा कुटुंबानं पडवीची एक भिंत कावीच्या कारागिराला दिली, तर महागड्या गॅलरीतून आणलेल्या चित्रापेक्षा ती त्या घराला अधिक शोभेल असं मला खात्रीनं वाटतं.

कड्याच्या काठावरची उट्झॉनची जागा मात्र आपल्याकडे मिळायची नाही, आणि तेच बरं आहे. १९९१ च्या सागर किनारा नियमन अधिसूचनेनं भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियमनाखाली आणला आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरमध्ये नव्या बांधकामाला मनाई केली. २०१९ च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकसंख्या असेल तिथे, हे अंतर ५० मीटरवर आणलं. ही सवलत मला पटलेली नाही. त्या रिकाम्या पट्ट्यात वाळू सरकते, भरती पसरते, कासवं अंडी घालतात आणि वादळाचा पहिला मार तिथेच जिरतो. मागे राहिलेल्या घराला समुद्र झाडांच्या फटींतून दिसतो, आणि कान लिसच्या त्या पेट्यांनी जे काम दगडातून केलं ते इथे झाडं फुकट करतात.

म्हणून नकाशा काढण्याआधी झाडं लावावीत. अगदी पुढे, वाळूवर मर्यादवेल. तिच्या लांब वेली वाळू धरून ठेवतात. तिच्या मागे केवडा, मग भेंड आणि उंडी. सुरू लवकर वाढतो म्हणून सगळे तो लावतात, पण तो या किनाऱ्याचा नाही आणि त्याच्या सुयांच्या थराखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. उंडी हळू वाढते, पण खाऱ्या वाऱ्यात तिची जाड पानं तकतकीत राहतात आणि तिची सावली दाट पडते. घर उभं राहीपर्यंत तिला दोन पावसाळे मिळाले तरी ती मूळ धरते. रोपवाटिकेत रोप नाही मिळालं तर किनाऱ्यावर भरतीनं आणून टाकलेल्या तिच्या गोल बिया पावसाळ्यात रुजलेल्या सापडतात, त्याच उचलून आणाव्यात.